सरपंच फॉन्ट: चौकोनी, करारी देवनागरी, कुठे शोभते, कुठे फसते

विज्ञान प्रदर्शनाची कमान, रोबोटिक्सच्या स्पर्धेचं पोस्टर, ई-स्पोर्ट्सच्या संघाचं नाव असलं काही मराठीत करायला घेतलं की पहिली अडचण अक्षराचीच येते. 'फ्यूचरिस्टिक' या नावाखाली मिळणारे बहुतेक फॉन्ट फक्त रोमन लिपीचे असतात. ऑर्बिट्रॉन निवडला आणि त्यात मराठी मजकूर टाकला, की संगणक न सांगता दुसऱ्याच फॉन्टची अक्षरं आणून बसवतो. विंडोजवर निर्मला किंवा मंगल, अँड्रॉइडवर नोटो. इंग्रजी ओळ एका जातीची आणि मराठी ओळ दुसऱ्याच जातीची, असं पोस्टर छापून येतं आणि ते सगळीकडे दिसतं.

देवनागरीसाठीच विचार करून काढलेले, चौकोनी बांध्याचे आणि फुकट मिळणारे चांगले फॉन्ट मोजकेच आहेत. त्यांतला सर्वांत ठाशीव म्हणजे 'सरपंच'. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्री या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेने तो २०१४ मध्ये केला. यातलं रेग्युलर वजन (वजन म्हणजे अक्षराच्या जाडीची पायरी) ज्योतिष सोनोवाल यांचं, आणि मीडियमपासून ब्लॅकपर्यंतची वजनं मानुषी पारिख यांची. देवनागरी आणि रोमन दोन्ही लिप्या एकाच फाइलमध्ये आहेत. वजनं सहा: रेग्युलर, मीडियम, सेमीबोल्ड, बोल्ड, एक्स्ट्राबोल्ड, ब्लॅक. तिरका प्रकार नाही, रेग्युलरपेक्षा बारीक वजन नाही, अरुंद प्रकारही नाही. गूगल फॉन्ट्सवरून उतरवून घेता येतो.

मत आधीच सांगतो. दोन ते पाच शब्दांच्या मोठ्या मथळ्यासाठी, मीडियम ते बोल्ड या वजनांत, मराठीत याच्या तोडीचा मोफत फॉन्ट दुसरा नाही. पण लोक हा फॉन्ट उतरवतात आणि थेट ब्लॅक वापरतात, तेही लहान आकारात किंवा लांबच्या फलकावर. तिथे तो हमखास फसतो. का फसतो ते कळलं की तो नीट वापरता येतो.

ही चौकोनी शैली आली कुठून, ते थोडक्यात. इटलीतल्या तुरिनच्या नेबिओलो फाउंड्रीत अलेस्सांद्रो बुत्ती आणि आल्दो नोव्हारेझे यांनी १९५२ मध्ये मायक्रोग्रामा काढला. त्यात फक्त कॅपिटल अक्षरं होती, आणि त्यांचा 'ओ' जुन्या टीव्हीच्या पडद्याच्या आकाराचा: बाजू जवळजवळ सपाट, गोलाई फक्त कोपऱ्यांत. नोव्हारेझे यांनीच १९६२ मध्ये त्याला लहान अक्षरं जोडून युरोस्टाइल केला. १९६७ मध्ये नेदरलँड्सच्या विम क्राउवेल यांनी आणखी टोक गाठलं. कॅथोड किरणांच्या पडद्यावर वक्र रेषा तुटक उमटतात म्हणून त्यांनी 'न्यू अल्फाबेट'मधून वक्र रेषाच काढून टाकल्या. फक्त उभ्या-आडव्या रेघा आणि छाटलेले कोपरे ठेवले. तिसरा धागा आपल्या चेकबुकात आहे. चेकच्या तळाशी यंत्राने वाचायचे जे आकडे असतात, त्यांच्या मध्येच जाड होणाऱ्या आकारांवरून बॉब न्यूमन यांनी १९७० मध्ये लेट्रासेटसाठी डेटा ७० हा फॉन्ट केला. 'संगणकी अक्षर' म्हणून जे डोळ्यांना ओळखीचं झालंय ते या तीन घराण्यांतून आलेलं आहे, आणि तिन्ही घराणी रोमन अक्षरांची. त्यांत शिरोरेघ नाही, काना नाही, वेलांटी नाही. देवनागरीला हे रूप द्यायचं तर नुसते कोपरे छाटून भागत नाही.

रेघेची जाडी: सगळी गोम इथेच

सरपंचच्या रेग्युलर वजनात उभी आणि आडवी रेघ जवळपास सारख्या जाडीची आहे. पुढच्या प्रत्येक वजनाला उभ्या रेघा जाड होत जातात, आडव्या मात्र बारीकच राहतात. ब्लॅकपर्यंत पोहोचलं की काना म्हणजे खांब आणि शिरोरेघ म्हणजे त्यावरची पातळ पट्टी, असा विरोध तयार होतो. हा विरोध हेच या फॉन्टचं सौंदर्य आहे. मोठ्या आकारात अक्षरं वेगवान, ताणलेली, धातूच्या पत्र्यातून कापल्यासारखी दिसतात.

रोमन लिपीला हा विरोध अंगवळणी पडलेला आहे. छापील रोमन अक्षरात उभी रेघ जाड आणि आडवी बारीक ही जुनी रीत. देवनागरीचं तसं नाही. बोरूच्या तिरप्या टोकाने काढलेल्या देवनागरीत आडव्या रेघेलाही अंग असतं, आणि ती नुसती शोभेची नसते. शिरोरेघ आडवी, पोटातल्या गाठी आडव्या जोडांनी बांधलेल्या, अर्ध्या अक्षराचा पुढच्या अक्षराशी सांधा बहुधा आडवा. म्हणून सरपंच ब्लॅकमधलं इंग्रजी नाव निवांत वाचता येतं आणि त्याच आकाराचं मराठी नाव ताण देतं. दोष फॉन्ट काढणाऱ्याचा नाही, लिपीच्या स्वभावाचा आहे. वापरणाऱ्याने एवढंच करायचं: इंग्रजी ओळ एक्स्ट्राबोल्डमध्ये ठेवली तर मराठी ओळ सेमीबोल्ड किंवा बोल्डमध्ये ठेवायची. डोळ्याला दोन्ही सारख्या वजनाच्या वाटतात आणि मराठी सुटसुटीत राहते.

जवळून बघायचं तर 'भ' आणि 'म' घ्या. या दोघांत फरक दोनच ठिकाणी आहे: 'भ'ची शिरोरेघ मध्ये तुटलेली असते आणि डावीकडच्या टोकाला गाठ वेगळी असते. 'घ' आणि 'ध' यांचंही तेच. म्हणजे ओळखीची खूण शिरोरेघेतल्या खिंडीत आहे, आणि ठळक वजनात नेमकी शिरोरेघच बारीक झालेली असते. बारीक रेघेतली खिंड लांबून दिसत नाही. त्यामुळे 'भारत' आणि 'मारत', 'धार' आणि 'घार' यांत गोंधळ व्हायला वाव राहतो. मथळ्यात ही चार अक्षरं असतील तर ब्लॅक सोडून द्या आणि बोल्डमध्ये छपाईच्या खऱ्या आकाराचा नमुना काढून चार-पाच मीटरवरून वाचून बघा. पडद्यावर झूम करून बघितल्याने काहीच कळत नाही.

दुसरी गोष्ट कान्यांची. 'आणीबाणी' हा शब्द ब्लॅकमध्ये टाइप करून पाहा. चार अक्षरांत उभ्या रेघांची नुसती रांग लागते: 'आ'चा काना, 'ण'चे दोन पाय, वेलांटीचा काना, पुन्हा 'बा'चे दोन, पुन्हा 'ण'. खांब जाड आणि जोड बारीक असल्याने शब्द गजांसारखा दिसतो. आता 'टक्कर' किंवा 'हद्द' टाका. ट, ठ, ड, ढ, द, ह, छ ही शिरोरेघेला लटकलेली बिनकान्याची अक्षरं. त्यांना चौकोनी पोट मिळालं की ती भरीव दिसतात, आणि याच अक्षरांत सरपंच सर्वांत देखणा आहे. म्हणून नाव किंवा घोषवाक्य ठरवायचं अजून हातात असेल तर कान्यांची संख्या मोजावी. चार-पाच अक्षरांत सहा-सात काने येत असतील तर मीडियमच्या पुढे जाऊ नये. एकाला लागून एक काने नसतील तर ब्लॅकही खुलतो.

'ढ' आणि 'ळ' यांच्या पोटातली जागा वजन वाढेल तशी आक्रसते. फ्लेक्सच्या छपाईत शाई थोडी पसरते, तेव्हा ही जागा बुजते. 'रव' आणि 'ख' यांचा जुना घोळ इथेही लक्षात ठेवा; 'रवळनाथ' किंवा 'रवी' असं काही मथळ्यात असेल तर अक्षर बघूनच वजन ठरवा. देवनागरी आकड्यांत १ आणि ९ बघावेत. तारीख आणि वेळ सरपंचमध्ये लिहायची असेल तर रेग्युलर किंवा मीडियम घ्या. मोबाइल नंबर यात लिहूच नये.

मराठीसाठी करायची तपासणी

देवनागरीचा कुठलाही फॉन्ट हिंदीपुरता बघून पसंत करू नये. खालचे शब्द आपण जे सॉफ्टवेअर प्रत्यक्ष वापरणार त्यात, हव्या त्या वजनात टाइप करून एकदा बघावेत: ॲप, ऑफिस, ट्रॅक्टर, दुसऱ्या, वाङ्मय, त्र्यंबक, राष्ट्र, कर्तृत्व, ज्ञान, क्षितिज, श्रेष्ठ, उद्घाटन, ह्रस्व, विद्यार्थ्यांची, शाळा, ₹. एवढ्यात जवळपास सगळे खाचखळगे येतात.

'ॲ'साठी युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर आहे, पण काही जुने कीबोर्ड 'अ'वर चंद्र चढवून ते तयार करतात. तसं टाइप झालं की काही ठिकाणी मध्ये ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं किंवा चंद्र सरकतो. ठिपक्यांचं वर्तुळ दिसलं की दोष फॉन्टला देण्याआधी ते अक्षर खोडून कीबोर्डवरचं स्वतंत्र 'ॲ' टाइप करून बघा.

'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. रफार आणि हा आडवा अर्धा र, दोन्ही मराठीला लागतात. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून 'J' ही कळ दाबली की नुक्त्याचा 'ऱ' येतो. त्याचा पाय मोडून पुढे 'य' किंवा 'ह' टाकला की योग्य आकार मिळतो. हा अर्धा र आडव्या अवयवांत मोडतो, म्हणून ठळक वजनात तो बारीक राहतो. 'वाऱ्याची झेप' असं काही लिहिणार असाल तर तेवढ्या एका जागेसाठी वजन एक पायरी खाली आणणं परवडतं.

'ल' आणि 'श' यांचं मराठी वळण वेगळं: पाकळ्यांचा ल, देठाचा श. महाराष्ट्र शासनाच्या शासन निर्णयातही हीच वळणं प्रमाण धरली आहेत, म्हणून शाळेच्या, पालिकेच्या, सरकारी उपक्रमाच्या कामात हा मुद्दा निघतोच. फॉन्टमध्ये मराठी वळणं असली तरी ती आपोआप दिसत नाहीत; मजकुराची भाषा मराठी आहे हे सॉफ्टवेअरला सांगावं लागतं. इनडिझाइनमध्ये कॅरॅक्टर पॅनेलमध्ये भाषा मराठी निवडा. वेबपानावर भाषेच्या खुणेत 'एमआर' हा कोड हवा. 'एचआय' राहिला असेल तर हिंदी वळण येतं, 'ईएन' असेल तर फॉन्टचं मूळ वळण येतं. एवढं करूनही अक्षर बदललं नाही तर ग्राहकाला नमुना दाखवून आधी मंजुरी घ्यावी. कमान उभी राहिल्यावर 'ल' बदला म्हणणाऱ्याचं समाधान करणं फार महागात पडतं.

वेबवर

सहा वजनं म्हणजे सहा वेगळ्या फाइली. त्यातल्या दोनच घ्या. मथळ्यासाठी बोल्ड आणि उपमथळ्यासाठी मीडियम पुरतात. देवनागरी फाइल रोमनपेक्षा बरीच मोठी असते, कारण जोडाक्षरांचे आकार सगळे आत भरलेले असतात.

सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे खोटा ठळकपणा. पानावर फक्त रेग्युलर आणलेला असतो आणि मथळ्याला बोल्ड सांगितलेला असतो. मग ब्राउझर रेग्युलरच्याच कडा फुगवून जाड अक्षर बनवतो. सरपंचमध्ये ही लबाडी लगेच उघडी पडते, कारण खऱ्या बोल्डमध्ये आडव्या रेघा बारीक राहतात आणि फुगवलेल्या अक्षरात सगळंच सुजतं, पोटं बुजतात. सीएसएसमध्ये फॉन्ट-सिंथेसिस 'नन' ठेवलं की ब्राउझर असं करत नाही, आणि आपण कुठलं वजन आणायला विसरलो तेही कळतं. तिरक्या अक्षरांचं तेच: या कुटुंबात इटॅलिक नाही, जे दिसतं ते ब्राउझरने ढकललेलं असतं.

अक्षरांमधलं अंतर, म्हणजे लेटर-स्पेसिंग, मराठीसाठी शून्यच. इंग्रजी कॅपिटल मथळ्याला दोन ते पाच टक्के अंतर दिलं की तो अधिक ऐसपैस आणि 'अंतराळी' दिसतो, हे खरं. पण तेच माप मराठी ओळीला लागलं की शिरोरेघेचे तुकडे होतात. दोन भाषांचे मथळे असतील तर दोन वेगळे नियम लिहा, भाषेच्या खुणेवरून ते आपोआप लागू होतात.

ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या सवयीने एकपट ठेवू नका. वरच्या ओळीत 'कृत्रिम बुद्धिमत्ता' आणि खालच्या ओळीत 'विद्यार्थ्यांची कार्यशाळा' आली, तर वरचे ऋकार-उकार खालच्या रफार-अनुस्वारावर आदळतात. १.४ ते १.५ पट ठेवा. अक्षरात रंगांची छटा भरायची असेल तर बॅकग्राउंड-क्लिपची युक्ती वापरतात. तिथे रफार आणि वेलांटीचं डोकं चौकटीबाहेर गेलं की कापलं जातं. त्या चौकटीला वरून थोडं पॅडिंग दिलं की काम होतं.

आकाराची आमची मर्यादा अशी: रेग्युलर २० पिक्सेलच्या खाली नको, बोल्ड २८ च्या खाली नको, ब्लॅक ४८ च्या खाली नको. त्याहून लहान केलं तर शिरोरेघ एका पिक्सेलपेक्षा बारीक होते आणि पडदा ती करड्या रंगात दाखवतो. काळ्या पार्श्वभूमीवर निळसर चमक देण्याची फॅशन आहे. त्या चमकेत पहिला बळी शिरोरेघेचाच जातो. चमक द्यायचीच तर मूळ अक्षर पूर्ण पांढरं ठेवा आणि चमक त्याच्या मागच्या थरात द्या.

कागद, फ्लेक्स, रेडियम

फोटोशॉपमध्ये जोडाक्षरं तुटत असतील, वेलांटी उलट्या बाजूला जात असेल, तर टाइपच्या प्रेफरन्समध्ये जाऊन दक्षिण आशियाई लिप्यांचा पर्याय चालू करा. नव्या आवृत्त्यांत तो वर्ल्ड-रेडी नावाने दिसतो. इलस्ट्रेटरमध्ये 'शो इंडिक ऑप्शन्स' चालू करून परिच्छेदाचा कंपोझर (ओळी जुळवणारी यंत्रणा) बदलावा लागतो. इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर. ही सेटिंग फाइल सुरू करण्याआधी करावी. आधी टाइप केलेला मजकूर पुष्कळदा जुन्याच कंपोझरवर राहतो, तो निवडून वेगळा बदलावा लागतो. फ्लेक्सवाल्याकडे जुनं कोरल ड्रॉ असेल तर युनिकोड मजकूर पाठवूच नका. स्वतःकडे कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून, पीडीएफ पाठवा.

आता रेडियम कटिंग, म्हणजे चिकट विनाइलमधून अक्षरं कापणं. देवनागरी फॉन्टमध्ये शिरोरेघा एकमेकींवर थोड्या चढलेल्या असतात, म्हणून पडद्यावर त्या सलग दिसतात. नुसतं कर्व्ह करून कटरला दिलं की पातं प्रत्येक अक्षराची कड वेगळी कापतं आणि शिरोरेघेत अक्षरागणिक चिरा पडतात. कर्व्ह केल्यावर पूर्ण शब्द निवडून कोरलमध्ये वेल्ड (एकसंध) करा, इलस्ट्रेटरमध्ये पाथफाइंडरचं युनाइट. मग वायरफ्रेममध्ये बघून आत एकही आडवी-उभी रेघ उरली नाही याची खात्री करा. वेल्ड केल्यावर मात्रा, उकार शब्दाला चिकटतात. सुटे राहतात ते अनुस्वार आणि नुक्ते. सोलताना हेच ठिपके हरवतात, म्हणून ट्रान्स्फर टेप लावण्याआधी ते मोजून घ्यावेत.

त्याच वेळी शिरोरेघेची जाडी मापून घ्या. दोन मिलिमीटरच्या खालची पट्टी सोलताना उठते, आणि गाडीवर लावली तर धुताना कडेपासून सुटत जाते. जाडी कमी भरली तर तीन मार्ग आहेत. आकार वाढवा, किंवा वजन एक-दोन पायऱ्या उतरवा, दोन्ही चांगले. तिसरा म्हणजे बाहेरून आउटलाइन देणं. एक मिलिमीटरची आउटलाइन अर्धी आत, अर्धी बाहेर पडते. ती अक्षरात मिसळली की प्रत्येक रेघ एक मिलिमीटरने जाड होते आणि पोटातली प्रत्येक जागा तितकीच अरुंद होते. 'ढ', 'ळ', 'क्ष' बुजले नाहीत ना, ते बघूनच हा मार्ग घ्यावा. अक्षर धरून वर खेचलं की आडव्या रेघा जाड होतात हे खरं आहे, पण दहा टक्क्यांच्या पुढे कोपऱ्यांची गोलाई लांबट दिसायला लागते. आडवं दाबून चेपणं तर नकोच. हा फॉन्ट रुंद आहे. जागा कमी असेल तर फॉन्ट बदला.

गाडीच्या मागच्या काचेवर, टेम्पोच्या कपाळावर, साउंड सिस्टिमच्या बॉक्सवर सरपंच फार छान बसतो. तिथे आठ ते दहा अंशांचा कल दिला की वेगही येतो. त्यापुढे ढकललं तर तिरक्या रेघांची जाडी बिघडते. नंबर प्लेटवर मात्र हा किंवा कुठलाच शोभेचा फॉन्ट नको, केंद्रीय मोटार वाहन नियमांत तिथल्या अक्षरांची मापं ठरलेली आहेत.

फलक लांबून वाचायचा असेल तर रंगकामातला जुना हिशेब असा की दहा फुटांमागे एक इंच अक्षराची उंची. मराठीत ही उंची मात्रा-वेलांटी सोडून, शिरोरेघेपासून कान्याच्या टोकापर्यंत मोजायची. सरपंचच्या बोल्ड आणि पुढच्या वजनांसाठी त्यात निम्म्याने भर घाला; म्हणजे चाळीस फुटांवरून वाचायचं असेल तर चार नाही, सहा इंच. सॉफ्टवेअरमधला फॉन्टचा आकार आणि अक्षराची खरी उंची या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'क' टाइप करून कर्व्ह करा आणि त्याची उंची मापा, मग त्या प्रमाणात आकार ठरवा.

आतून उजळणारी खोक्याची अक्षरं करायची असतील तर बोल्डपासून पुढे सरपंच घेऊ नका. खांबात एलईडी मॉड्यूल सहज बसतात, शिरोरेघेत बसत नाहीत. मग खांब झळाळतात, शिरोरेघ अंधारात राहते, आणि रात्री शब्द तुटक दिसतो. रेग्युलर किंवा मीडियम घ्या, आणि सर्वांत बारीक रेघेत मॉड्यूल भिंतीला न टेकता बसतो का ते आधी मापा. ब्लॅकच हवा असेल तर अक्षरं भरीव ॲक्रेलिकची करून मागून प्रकाश सोडा. त्यात रेघेची जाडी आड येत नाही.

ऑफसेट छपाईत काळ्या पट्टीवर पांढरं अक्षर ठेवताना काळा एकाच शाईचा ठेवा. चार रंगांचा काळा केला आणि एक प्लेट केसभर सरकली की बारीक शिरोरेघेत रंगाची कड शिरते. वर्तमानपत्री कागदावर तर शाई इतकी पसरते की ब्लॅकची पांढरी शिरोरेघ काळ्यात गायबच होते. फोटोशॉपचा बेव्हल (कडांचा उठाव) द्यायचा असेल तर त्याचं माप शिरोरेघेच्या निम्म्या जाडीपेक्षा कमी ठेवा, नाहीतर खांब घडीव दिसतात आणि शिरोरेघ नुसती धार उरते.

सरपंच नको असेल तेव्हा

त्याच फाउंड्रीचे आणि त्याच वर्षाचे दोन भाऊ आहेत. राजधानी: लाइटपासून बोल्डपर्यंत पाच वजनं, बांधा चौकोनी पण अरुंद, रेघांची जाडी सर्वत्र जवळपास सारखी. ॲपची बटणं, डॅशबोर्डवरचे आकडे, यंत्राच्या पॅनेलवरच्या सूचना, ड्रोनच्या माहितीपत्रकातले तक्ते अशा ठिकाणी राजधानीच घ्यावा. तिथे सरपंच अडखळतो. तेको हा मानुषी पारिख यांचाच, उंच आणि दाटीने बसणारा. 'महानगरपालिका', 'आंतरमहाविद्यालयीन' असे लांब शब्द एका ओळीत बसवायचे असतील तर तेको. कबड्डीचा गुणफलक, बातमीची पट्टी, क्रिकेट स्पर्धेचा बॅनर ही तेकोची जागा. त्यात भविष्याचा भास कमी आणि मैदानाचा जोर जास्त आहे.

सरपंचच्या खाली मजकुरासाठी चौकोनी फॉन्ट घालू नका; दोन्ही मिळून डोळा दमतो. 'एक टाइप' या संस्थेचा मुक्ता किंवा इंडियन टाइप फाउंड्रीचा हिंद साध्या वळणाचा आहे, तो घ्या. मुक्ता रेग्युलर १७-१८ पिक्सेलला आणि वर सरपंच बोल्ड ४० पिक्सेलला, ही जोडी वेबपानावर चांगली चालते. छापील पत्रकात मजकूर ११ पॉइंट आणि मथळा ३६ पॉइंटच्या वर. मधल्या उपमथळ्यासाठी सरपंच वापरायचा मोह होतो. तिथे मुक्ताचाच सेमीबोल्ड ठेवावा, म्हणजे मथळ्याचा रुबाब टिकतो.

परवाना ओपन फॉन्ट लायसन्सचा आहे. व्यावसायिक काम, बोधचिन्ह, ॲपमध्ये समाविष्ट करणं, छपाई, सगळं चालतं, पैसे लागत नाहीत. नुसती फॉन्टची फाइल विकता येत नाही, आणि अक्षरं बदलून नवा फॉन्ट वाटायचा असेल तर तोही याच परवान्याखाली द्यावा लागतो. बोधचिन्हासाठी वापरणार असाल तर शब्द कर्व्ह करून घ्या आणि शिरोरेघ हाताने थोडी जाड करा: ब्लॅकमध्ये वरच्या कडेचे नोड (कडेवरचे बिंदू) तसेच ठेवून खालच्या कडेचे नोड खाली ओढायचे, म्हणजे मात्रांची जागा हलत नाही. 'भ' आणि 'ध'च्या खिंडीही त्याच वेळी थोड्या रुंद करून घ्याव्यात.